‘हो सर’ म्हणायला बंदी

आमच्या सरांच्या पाया पडणं हे सोपं काम नव्हतं. आपण वाकायला लागलो रे लागलो, की सर जागच्या जागी खाली बसायचे. चक्क मांडी घालून. पाय मांडीखाली गडप! आपण अर्धवट वाकलेले, आणि सर खालून मान वर करून विचारणार, "काय पडलं तुझं? शोधू लागू का?"

बरं, जागेचा काही विधिनिषेध नाही. शाळेचा व्हरांडा असो, जामनेरचा आठवडी बाजार असो, नाहीतर कुणाच्या अंगणातला चिखल असो. आमच्या वर्गातल्या सुभाषच्या लग्नात तर कहर झाला. सुभाष म्हणजे आता जामनेरला ज्याचं बी-बियाण्यांचं दुकान आहे तो. नवरा-नवरी जोडीनं सरांच्या पाया पडायला वाकली आणि सर भर स्टेजवर खाली बसले. सुभाष मुलखाचा हट्टी. तोही समोर बसला, हात पुढे करून पाय शोधायला लागला. नवरी बिचारी दोघांकडे बघत राहिली आणि शेवटी शालू सावरत तीही टेकली. खाली जेवणाऱ्या मंडळींना वाटलं, काहीतरी विधी राहिला. भटजी हातातला लाडू ठेवून धावत आले. तो फोटो सुभाषच्या अल्बमात अजून आहे. पंगत वाढायची वाट बघत बसल्यासारखी तिघं स्टेजवर बसलेली दिसतात.

मी एकदा धीर करून विचारलं होतं, "सर, पाया पडू दिलं तर तुमचं काय जातं?"

सर म्हणाले, "पाय धरले की मान खाली जाते. मान खाली गेली की प्रश्न कसा विचारशील?"

दिसायला सर म्हणजे नुसती काडी. सदरा खांद्यावरून घरंगळून पडेल असं वाटायचं. पण आवाज! आमच्या गावचा बसस्टॉप शाळेच्या भिंतीला लागून होता, तिथं गाडीची वाट बघणाऱ्या माणसांना गुरुत्वाकर्षण फुकटात शिकायला मिळायचं. एक म्हातारे आबा तर गाडी गेली तरी बसून राहायचे. म्हणायचे, मास्तरचं अर्धं ऐकून कसा जाऊ?

गणित आणि विज्ञान शिकवायचे. मूळचे पिंपळनेरकडचे. एरवी बोलणं पुस्तकासारखं स्वच्छ, पण राग आला की आतली अहिराणी बाहेर पडायची. आम्ही जामनेरकडची पोरं, आमची बोली वेगळी. त्यामुळे नवीन पोरांना हे शिव्या देताहेत की शाबासकी, तेच समजायचं नाही. ती हसायची, आणि मग आणखी बोलणी खायची.

सरांच्या वर्गात एका गोष्टीला सक्त बंदी होती. ‘हो सर’ म्हणायचं नाही. बाकी मास्तर "कळलं का?" विचारतात आणि आपण "हो सर" म्हणतो, हा जगाचा रिवाज आहे. आमच्याकडे उलटं. सर विचारायचे, "काय कळलं नाही?" आणि त्यावर चुकून कुणी "सगळं कळलं, हो सर" म्हणालं, की संपलं. सर त्याच्या हातात खडू द्यायचे आणि स्वतः त्याच्या जागेवर, खाली बसकरावर जाऊन बसायचे. गुडघे छातीशी. आणि बोट वर! "ताई, मी पिंपळनेरचा अडाणी माणूस शे. मला नीट सांगा."

एकदा ही पाळी माझ्यावर आली. पाणी उकळण्याचा धडा होता. मी फळ्यापाशी उभी राहून घडाघडा बोलून मोकळी झाले. तोंड तर माझं लहानपणापासूनच चालू. सरांनी बोट वर केलं.

"ताई, उकळताना बुडबुडे येतात ते कशाचे?"

"हवेचे."

"मग एवढी हवा पाण्यात आली कुठून? आणि तासभर उकळलं तरी ती संपत कशी नाही?"

आता आली का पंचाईत! मी फळ्याकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, खडू चुरला. शेवटी म्हटलं, "मला नाही कळलं."

सर टुणकन उठले. "शाब्बास! आता शाळा सुरू झाली." आणि खिशातून मूठभर फुटाणे काढून माझ्या हातावर ठेवले. ‘कळलं नाही’ म्हणणाऱ्याला फुटाणे, हा सरांचा नियमच होता. काही पोरं नुसत्या फुटाण्यांसाठी ‘कळलं नाही’ म्हणायची, पण सरांना त्याचंही काही वाटायचं नाही. म्हणायचे, खोटं ‘नाही’ परवडलं, खोटं ‘हो’ नको.

या सवयीपायी सरांचं नुकसानही झालं. एकदा शाळा तपासायला साहेब आले होते. मोठे रुबाबदार, चष्मा सोनेरी. त्यांना काय लहर आली, त्यांनी सरांच्या हातातला खडू घेतला आणि स्वतः भिंगाचा धडा समजावून सांगायला लागले. छान सांगितलं, नाही म्हणत नाही. शेवटी हात झटकून मोठ्या आवाजात म्हणाले, "कळलं ना सगळ्यांना?"

वर्ग एका सुरात ओरडला, "नाही, साहेब!"

साहेबांचं तोंड बघण्यासारखं झालं. मुख्याध्यापक घाम पुसायला लागले. साहेबांनी मदतीसाठी सरांकडे बघितलं, तर सर मागच्या भिंतीशी खाली बसलेले, बोट वर. "साहेब, मलाही एक ठिकाणी नाही कळलं."

त्या वर्षी आदर्श शिक्षकासाठी सरांचं नाव जाणार होतं म्हणे. ते गेलं नाही, पुन्हा कधीच गेलं नाही. सरांना कुणी हळहळून सांगितलं, तर ते हसून म्हणाले, "मास्तरचा मान म्हणजे पोराचा प्रश्न. तो मला रोज मिळतो."

सत्काराचा तर त्यांना तिटकारा. निवृत्तीच्या दिवशी गावानं बळंच स्टेजवर बसवलं. शाली इतक्या पडल्या की सर त्यात दिसेनात. पाहुण्यांचं भाषण रंगात आलेलं, आणि सरांनी मांडीवरचा नारळ उचलून स्टेजच्या पायरीवर ‘ठाक’ करून फोडला. पाहुणे दचकले. सर म्हणाले, "चालू द्या तुमचं. पोरं केव्हाची उन्हात बसली आहेत, त्यांना पाणी देतो." एकामागून एक सगळे नारळ फुटले. शाली काकूंनी घरी नेऊन त्यांच्या गोधड्या शिवल्या. काकू म्हणजे सरांच्या पत्नी. दहावीत नापास झालेली पोरं सरांच्या घरी अभ्यासाला मुक्कामाला असायची, त्यांच्या अंगावर त्या गोधड्या. आमच्या वेळी सुभाषही असाच तिथं राहिलेला. सगळ्यांनी त्याच्यावर पाणी सोडलं होतं. सरांनी त्याला घरी ठेवून पुन्हा परीक्षेला बसवला, काकूंनी जेवू घातलं. आजही सरांचं नाव निघालं की सुभाष उभा राहून बोलतो, फोनवर असला तरी.

मी आता जळगावला असते, पिंप्राळ्यात. बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसते. काचेला एवढंसं भोक, मागं गाड्यांचा घरघराट, वर भोंग्यातून घोषणा. माझा दिवसभराचा धंदा एकच, "काय? मोठ्यानं बोला. परत बोला." लोक चिडतात, मी चिडत नाही. न ऐकू आलेल्याला ‘हो’ म्हटलं तर पाचोऱ्याचा माणूस चोपड्याला जाईल.

सर निवृत्तीनंतर काही वर्षांनी धुळ्याला देवपुरात राहायला गेले. मूलबाळ नाही, दोघंच. आमच्या दहावीच्या वर्गाचा व्हॉट्सअॅपवर ग्रुप आहे, त्यावर सुभाष रोज सकाळी फुलांचं चित्र टाकतो. एके दिवशी फुलांऐवजी बातमी आली. सरांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, आणि वाचा गेली.

वाचा! बाकी काहीही जायचं होतं हो. मी खिडकीत बसल्या बसल्या रडले. पलीकडचा माणूस शिरपूरची गाडी विचारत होता, तो घाबरून दुसरीकडे गेला.

पहिल्यांदा आम्ही दहा-बारा जण मिळून गेलो. सर पलंगावर उशांना टेकून बसले होते. समजत सगळं होतं, डोळे तसेच तल्लख. फक्त शब्द ओठांपर्यंत येऊन अडायचा. पलंगाभोवती आम्ही हात जोडून उभे. या वेळी पाया पडायला सर उठून खाली बसू शकणार नव्हते, आणि एकेक जण चादरीवरून पाय शिवत होता. सर तोंड फिरवत होते. मला ते बघून कसंसंच झालं.

सर म्हणाले, "टी... टी..."

सुभाष लगेच पुढे. "टीव्ही लावायचा का सर? काकू, टीव्ही लावा, सरांना बघायचाय."

सरांनी जोरजोरात मान हलवली. ती उभी हलली की आडवी, कोण बघतो! सगळे म्हणाले, "हो सर, हो सर." टीव्ही लागला. सरांनी डाव्या हातानं टीव्हीकडे दाखवलं, तर कुणीतरी आवाज वाढवला. मग सरांनी आणखी काहीतरी म्हणायचा प्रयत्न केला आणि परत सगळे, "हो सर. बरोबर सर." एकालाही एक अक्षर समजलं नव्हतं. पण सरांना ‘समजलं नाही’ कसं म्हणायचं? एवढे मोठे सर, त्यात आजारी. उगाच लागायचं त्यांच्या मनाला! असं करत करत आम्ही फळं ठेवली, शहाळी ठेवली आणि डोळे पुसत परत आलो.

दीड-दोन महिन्यांनी काकूंचा फोन आला. "अगं, त्यांनी बोलणंच सोडलं. आधी दोन-चार शब्द तरी काढायचे, आता नुसती मान हलवतात. डॉक्टर मला रागावले. म्हणाले, सुरुवातीचे हे महिने फार मोलाचे. बोलून बोलूनच जीभ सुटते. आता गप्प राहिले तर कायमचे गप्प राहतील."

रविवारी सुट्टी होती. एरंडोल, पारोळा करत एकटीच धुळ्याला गेले. दारातूनच टीव्ही ऐकू येत होता. कुठलीशी मालिका, सासू सुनेवर ओरडतेय आणि मागं ढोल. सर त्या गोंगाटात भिंतीकडे बघत बसलेले. आणखी वाळले होते. मी खुर्ची ओढून बसले, इकडचं तिकडचं बोलले. सरांनी माझ्याकडे बघितलं आणि ओठ हलवले.

आता, त्या मालिकेच्या कल्लोळात मला काही ऐकू आलं नाही, आणि माझ्या तोंडाला रोजचं वळण. मी बोलून गेले, "काय? परत बोला."

काकू दारात उभ्या होत्या, त्यांनी जीभ चावली. सरांनी चमकून बघितलं. परत ओठ हलवले. "टी... बं..."

"नाही कळलं सर. परत सांगा."

"टी... टी..."

काकू म्हणाल्या, "अगं, टीव्हीचं म्हणताहेत. आवाज वाढव जरा."

"काकू, तुम्ही थांबा. सर, मला कळलं नाही."

सरांचा चेहरा लाल झाला. मानेच्या शिरा फुगल्या. म्हटलं आता यांना काही झालं तर मी कुठं तोंड दाखवू? आणि तेवढ्यात सर गरजले, "बहिरी शे का तू? बंद कर ना ते!"

स्वच्छ. शब्दन् शब्द. बसस्टॉपवर ऐकू जाईल असा.

मी उठून टीव्ही बंद केला. घर एकदम शांत झालं. काकूंचे हात पिठाचे होते, त्या तशाच पलंगापाशी आल्या. "म्हणजे तुम्हाला टीव्ही नको होता? अरे देवा! मला वाटलं, यांना आता मालिका आवडायला लागल्या. मी आपली सकाळी उठल्या उठल्या लावून देत होते हो!"

सर हसायला लागले. तोंडाची एकच बाजू हसत होती, पण हसत होते. काकू हसता हसता रडायला लागल्या, आणि मला तर दोन्हीचा मेळच लागेना. इतके दिवस त्या माणसानं तो गोंगाट सोसला, का, तर त्याला दुसऱ्यांदा कुणी विचारलंच नाही. आम्ही सगळे त्यांच्याच हाताखाली शिकलेलो, आणि आम्हीच ‘हो सर’ म्हणून त्यांचं तोंड बंद केलं होतं. मला आमचा सगळ्यांचा राग आला, खरंच सांगते.

त्यानंतर मी दर रविवारी जायला लागले. नियम एकच. सरांच्या तोंडचा शब्द आपण उचलायचा नाही. कळला नाही तर कळला नाही म्हणायचं आणि थांबायचं. म्हणायला सोपं, पण थांबून बघा! शब्द ‘मी’वर अडलाय, आपल्याला ठाऊक आहे मीठ हवंय, वाटी हातात आहे, आणि द्यायची नाही. काकूंना तर हे फार जड गेलं. म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून यांना मागायच्या आधी देत आले. आता काय न कळल्याचं सोंग आणू? पाप लागेल मला." पहिल्या दिवशी त्यांनी मीठ देऊनच टाकलं आणि माझ्याकडे बघायचं टाळलं. मग हळूहळू त्याही तयार झाल्या. आमटी गार व्हायची, पोळी वातड व्हायची, पण ‘मीठ’ हा शब्द पुरा यायचा. शब्द आला की काकू असं वाढायच्या, जसं काही दिवाळी आहे.

सर चिडायचे. चिडले की अहिराणी आधी यायची, मराठी मागाहून. काकू म्हणायच्या, "चला, लग्नाआधीचे भेटले मला."

आणि इकडे सुभाषनं सोहळा काढला. कृतज्ञता सोहळा! जळगावात हॉल, सरांच्या फोटोचं मोठं बॅनर, मानपत्र, प्रत्येकाची एकेक शाल. मी ग्रुपवर लिहिलं, असलं काही करू नका. त्याचा लगेच फोन आला.

"तुला काय झालं वं? सरांनी आपल्यासाठी एवढं केलं, आपण दोन शाली द्यायच्या नाहीत?"

"सुभाष, त्यांना शाल नको, बोलणं हवंय."

"ते मी ऐकलं. तू म्हणे सरांना तोंडावर ‘कळलं नाही, परत बोला’ म्हणते. चौकशीच्या खिडकीत आहे का तू? अगं, आजारी माणूस, आपले गुरू! त्यांना असं अडवून धरायचं? अपमान आहे हा."

"अपमान? अरे, त्यांच्या न बोललेल्या शब्दाला आपण ‘हो’ म्हटलं, तो काय मान होता? तू एकदा ये आणि बघ."

आला. शहाळ्यांचा ढीग घेऊनच आला. बसला सरांसमोर. सरांनी त्याला विचारायला सुरुवात केली, "दु... दु..." सुभाषच्या ओठावर ‘दुकान’ आलेलं मला दिसलं. मी डोळे वटारले. त्यानं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. कपाळावर घाम. सर परत, "दु... दु..." सुभाष उठला आणि व्हरांड्यात निघून गेला. मी मागं गेले तर खांबाला धरून रडत होता.

"बघवत नाही गं. मला येत नव्हतं तेव्हा त्यांनी मला शिकवलं. त्यांना एक शब्द येत नाही, आणि मी तो द्यायचाही नाही?"

"नाही द्यायचा," मी म्हटलं. "दिलास तर तो तुझा होतो. त्यांचा होत नाही."

तो परत आत आला. डोळे पुसून बसला. बऱ्याच वेळानं सर म्हणाले, "दुकान... बरं... चाललं... का?" सुभाष ‘हो सर’ म्हणणार होता, त्यानं ते गिळलं आणि दुकानातली सगळी भानगड सरांना सांगत बसला, कुठलं बियाणं उगवलं नाही, कोण भांडायला आलं, सगळं. सरांनी त्यावर दोन प्रश्नही विचारले. त्या दिवशी जाताना त्यानं हॉल रद्द केला.

मग ठरलं भरीत. थंडीत खान्देशात माणसं एकत्र यायला याहून चांगलं निमित्त नाही. सुभाषच्या शेतात, केळीच्या बागेशेजारी. सरांना विचारलं, तर म्हणाले, "येतो." आणि मग बोट वर करून, "मी... बोलणार."

काकूंचं तोंड उतरलं. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "घरात ठीक आहे गं. तिथं एवढ्या लोकांसमोर अडले आणि लाज वाटली, तर परत तोंड उघडायचे नाहीत. मी ओळखते ना त्यांना. एवढे कष्टानं आले ते शब्दही जातील." माझ्याही मनात तेच होतं, पण सरांना नाही म्हणणारी मी कोण? मी ग्रुपवर सगळ्यांना बजावलं. पाया पडायचं नाही, ‘हो सर’ म्हणायचं नाही, आणि काही झालं तरी सरांच्या तोंडातला शब्द घ्यायचा नाही.

त्या दिवशी हवा छान होती. ऊन कोवळं, वारा जरा बोचरा. कपाशीच्या वाळलेल्या काड्या पेटवून त्यात वांगी भाजायला घातली होती, हिरवी, मोठाली. साली काढून, हिरव्या मिरच्या घालून लाकडी भांड्यात ठेचायचं चाललं होतं. धूर, लसणाचा वास, कांद्याची पात. पुणे-मुंबईहून आलेलेसुद्धा बांधावर बसून शेंगा फोडत होते. सुभाषनं बॅनर लावलं नव्हतं, पण माईक मात्र आणला होताच. सवय जाते का? मी तो बंद करून गाडीत ठेवायला लावला. सरांना खुर्ची दिली, पांघरायला गोधडी दिली.

ताटं मांडली. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या भाकरी, भरीत, वर पात. कुणी जेवायला सुरुवात केली नाही. सर डाव्या हातात काठी घेऊन उभे राहिले. काकू मागं उभ्या होत्या, हात लावायचा नाही पण पडले तर धरायचं, अशा.

"तुम्ही," सर म्हणाले. थांबले. "सगळे... आले."

कुणी हाललं नाही.

"शिकले. मोठे... झाले." मग त्यांनी श्वास घेतला. "तुम्हाला... तुमचे... आ... आ..."

आणि तिथं अडलं.

"आ..." परत. मान ताणली गेली. "आ..." आम्हाला सगळ्यांना तो शब्द कळला होता. समोर विद्यार्थी बसलेत, सर उभे आहेत, म्हटल्यावर दुसरा कुठला शब्द असणार? माझ्या शेजारी सुभाषच्या ओठांवर तो तयार होता. आशीर्वाद. मी त्याचा दंड पकडणार, तेवढ्यात त्यानं स्वतःच आपल्या तोंडावर हात दाबून धरला. खरं सांगायचं तर तो शब्द माझ्याही जिभेवर आला होता. म्हणून टाकावा आणि या माणसाला सोडवावं, असं फार वाटलं. बोलले असते तर कुणी मला दोष दिला नसता. काकू खाली मातीकडे बघत होत्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ओठ घट्ट मिटलेले. लांब कुठंतरी मोटर चालू होती. काड्यांची आग विझत आली. सरांनी एकदा डोळे मिटले, आणि मला वाटलं, संपलं, आता बसतात.

डोळे उघडून सर म्हणाले, "आभार."

सरांनी सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली आणि पुन्हा, या वेळी न अडता म्हणाले, "तुमचे आभार." मग काठी काकूंच्या हातात दिली, खुर्चीत बसले आणि डाव्या हातानं भाकरी मोडायला लागले.

आमच्यातलं कुणी एक जण जरी मध्ये बोललं असतं, तरी सरांनी नुसती मान हलवली असती, आणि आम्ही सगळे आशीर्वाद घेऊन घरी गेलो असतो.